झाकणाची मेणबत्ती

२६ ऑक्टोबर, शनिवार
आज रात्री हिवाळ्यासाठी सगळी घड्याळं एक तास मागे. उद्यापासून साडेचारलाच अंधार. सगळी बिल्डिंग कुरकुरते आहे. मी नाही. यंदा अंधाराचा सदुपयोग करायचा ठरवलं आहे. टीव्ही बंद, कॉफी, शांतता, चिंतन. कोणाबद्दल वाईट विचार नाही. खालच्या मजल्यावरच्या कौकोबद्दलसुद्धा नाही.

लांब उत्तरेतल्या ओउलूहून लेकीचा, मार्युतचा फोन. म्हणाली, बाबा, पुढच्या शनिवारी पुण्यात्म्यांचा दिवस, आई गेल्यानंतरचा पहिलाच, थडग्यावर मेणबत्ती लावायला जाल ना? मी सांगितलं, आठवण मनात असते, दफनभूमीत नुसतं प्रदर्शन.  ती म्हणाली, बरं, मी बघते काय करायचं ते. म्हणजे पुन्हा व्हिटॅमिन डीच्या गोळ्या येणार.

२ नोव्हेंबर, शनिवार
दिवसभर घरी. चिंतन. दुपारी जरा डोळा लागला, तेही एक प्रकारचं चिंतनच. किचनच्या खिडकीतून टेकडीवरची दफनभूमी दिसते. आज सगळी लुकलुकत होती. हौस लोकांना.

संध्याकाळी पाय मोकळे करायला बाहेर पडलो. ते आपोआप टेकडीकडे वळले. बायकोच्या, सिल्वीच्या थडग्यावर मेणबत्ती. लाल कप, सोनेरी झाकण, भारीतली. मी लावलेली नाही. मार्युत तिकडे लांब. मग लावली कोणी?

बिल्डिंगच्या सौनात, म्हणजे वाफेच्या खोलीत, आज माझी पाळी होती. दोन मिनिटांत बाहेर आलो. अंगाची लाही लाही आधीच झालेली.

३ नोव्हेंबर, रविवार
संशयित एकच. कौको. दर उन्हाळ्यात तळ्याकाठच्या डान्स हॉलमध्ये सिल्वी त्याच्याबरोबर टँगो करायची. मी गुडघे दुखतात सांगून बाकावर, सगळ्यांचे कोट सांभाळत. गुडघे ठणठणीत होते. नाच येत नव्हता. परतताना तिचे गाल लाल, आणि हा रुमालाने कपाळ पुसत म्हणायचा, टाउनो, नशीबवान आहेस बाबा. नशीबवान मी, आणि नाचणार हा.

यात मत्सर नाही. माहिती म्हणून लिहून ठेवतो.

५ नोव्हेंबर, मंगळवार
पाळत ठेवली. कोटाला लटकवायचा रिफ्लेक्टर काढून गेलो. फायदा, कोणाला दिसलो नाही. तोटा, एक सायकलवाली अंगावरच आली. म्हणाली, आजोबा, मरायचंय का? दफनभूमीच्या दारात कोणी असं विचारतं का?

कौको आला. टोपी काढली, विझलेली मेणबत्ती बाजूला करून नवी लावली आणि वाकून काहीतरी बोलला. मला ऐकू आलं नाही. माझ्या बायकोशी याचं काय बोलणं? जिवंतपणी नाचला तेवढं पुरे नाही झालं?

तो गेल्यावर मेणबत्ती विझवून घरी आणली. ही चोरी नव्हे. तिच्या शेजारी माझ्या थडग्याची जागा राखलेली आहे, म्हणजे मेणबत्ती निम्मी माझ्याच हद्दीत होती.

मेणबत्ती चांगली आहे, हे मान्य. टेबलावर लावली. तिच्या उजेडात सिल्वीचं अर्धवट राहिलेलं शब्दकोड्यांचं पुस्तक काढलं. एकही शब्द सुचला नाही. पण बरं वाटलं. वसंतात ती गेली त्यानंतर पहिल्यांदाच.

८ नोव्हेंबर, शुक्रवार
त्याने नवी ठेवली. मी तीही आणली. आता खिडकीत दोन. चिंतन खोल चाललं आहे.

जिन्यात कौको भेटला. नेहमी मी आधी दाराला कान लावतो आणि पायऱ्या रिकाम्या झाल्यावरच निघतो. आज चुकलो. त्याने विचारलं, अंधारात कसं चाललंय? मी म्हणालो, एकदम मस्त. त्याचा चेहरा उतरलेला होता. मला फार बरं वाटलं.

१० नोव्हेंबर, रविवार. इथला फादर्स डे
मार्युतचा फोन. भीतभीत विचारलं, आईकडे गेला होतात का? मी म्हणालो, एक दिवसाआड जातो. हे शब्दशः खरं आहे.  ती नाक ओढत म्हणाली, बाबा, मला वाटलंच नव्हतं. सर्दी झालेली दिसते. तिलाच व्हिटॅमिनची गरज आहे.

१४ नोव्हेंबर, गुरुवार
दफनभूमीच्या दारात नोटीस: थडग्यांवरच्या मेणबत्त्या कोणीतरी उचलून नेत आहे, कृपया असं करू नये. अगदी योग्य. मेलेल्यांनाही लोक सोडत नाहीत. समाज कुठे चालला आहे!

कौकोची पाचवी मेणबत्ती घेऊन घरी आलो.

१९ नोव्हेंबर, मंगळवार
मेणबत्ती नाही. परवाही नव्हती. संपलं का याचं प्रेम? एवढा टोपी काढून वाकत होता, आणि पंधरा दिवसांत विसरला? माझ्या सिल्वीची किंमत एवढीच?

बर्फ पडलं. सगळ्या थडग्यांवर उजेड, तिचं एकटीचं काळं. आमच्या खिडकीतल्याही विझत आल्या.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार
अजून नाही. उद्या त्याला कॉफीला बोलावून जाब विचारणार. शांतपणे. वेलदोड्याचे पाव आणले. चांगले दोन त्याच्यासाठी काढून ठेवले होते, रागाच्या भरात मीच खाल्ले.

२३ नोव्हेंबर, शनिवार
कौको आला. बूट काढून, केस नीट करून बसला. मी सरळ विचारलं, सिल्वीच्या थडग्यावर मेणबत्ती का लावत नाहीस?

तो म्हणाला, अरे, मार्युतनंच सांगितलं ना, आता नको म्हणून. तिनं ऑक्टोबरात फोन केला होता. म्हणाली, बाबांना एवढ्यात तिथं जाववणार नाही, तुम्ही त्यांच्या वतीनं लावाल का? म्हणून लावत होतो. मग फादर्स डेला तिचा पुन्हा फोन, रडत होती पोरगी, बाबा स्वतः जातात म्हणाली. मी म्हटलं, दोन-तीन उरल्यात तेवढ्या लावतो नि थांबतो. पण काय सांगू, टाउनो, तिथं कोणीतरी चोर आहे.

मी विचारलं, वाकून काय बोलायचास?

म्हणाला, काय बोलणार? सिल्वी, ही टाउनोकडून. एवढंच. मुकाट्यानं ठेवून यायचं बरं वाटेना.

मग त्याची नजर खिडकीकडे गेली. ओळीने पाच लाल कप, पाच सोनेरी झाकणं. त्याने बराच वेळ पाहिलं. मी पाव पुढे केला. त्याने घेतला. कॉफी संपवली. निघताना बूट घालता घालता म्हणाला, झाकण घट्ट लावायचं हं, वर वारा फार असतो.

एवढे दिवस ज्या माणसावर जळत होतो, तो मीच निघालो.

२४ नोव्हेंबर, रविवार
दुकानातून तीच आणली, लाल कप, सोनेरी झाकण. रिफ्लेक्टर लावून गेलो. बर्फात गुडघे टेकले. आता खरंच दुखतात. मेणबत्ती तिसऱ्या काडीला पेटली. झाकण घट्ट लावलं.

मग काहीतरी बोलावं म्हणून उभा राहिलो. एवढं चिंतन केलं, आयत्या वेळी एक शब्द सुचेना. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून शेवटी म्हणालो, सिल्वी, ही टाउनोकडून.

कौकोच्या तोंडी ते जास्त बरं वाटलं असणार.