ओवाळणीतला बेस

२८ सप्टेंबर, रविवार

आज पुन्हा बंद पडला. धुळ्यात देवपूरच्या मैदानावर गरबा ऐन रंगात आणि माझा बेस गिटार गप्प. आधी खरखर, मग एक धप्प, मग काहीच नाही. वायर हलवली, ती खोचतात तो जॅक अंगठ्याने दाबून धरला. नाही. तेवढ्यात कीबोर्डवाल्या राकेशने डाव्या हाताने खालच्या पट्ट्या दाबायला घेतल्या आणि गाणं काही झालंच नाही अशा थाटात पुढे गेलं. फेर धरणाऱ्या एकीचंही पाऊल चुकलं नाही. मी मुक्या तारांवर बोटं फिरवत उभी, हसरा चेहरा करून.

उतरल्यावर नाना म्हणाले, "कोनले समजनं बी नही, वैशाली." ऑर्केस्ट्रा त्यांचा, मालक तेच. धीर द्यायला म्हणाले असतील. जिव्हारी लागलं. कोणाला समजलं नाही म्हणजे मी असले काय नि नसले काय.

२९ सप्टेंबर

शिकवणीची पोरं गेल्यावर जॅकची पट्टी उघडली. आत हळद. पिवळी, घट्ट बसलेली, घामाने लगदा झालेली. लग्नाच्या हळदीला नाना आम्हाला स्टेजवर ठेवत नाहीत, मांडवात नाचणाऱ्यांच्या मधोमध उभं करतात. लोकांना तेच आवडतं. मग उधळलेली प्रत्येक मूठ आधी आमच्यावर. बटणांच्या खाचेतसुद्धा हळद. नवरदेवाला लागली नसेल इतकी माझ्या बेसला लागली आहे.

नेक, म्हणजे तारांखालचा लांब दांडा, तो तर वाकलाच आहे. मे महिना अख्खा नानांच्या पत्र्याच्या गोडाऊनमध्ये. घरी नेते म्हटलं होतं. नको म्हणाले, इथे सुरक्षित आहे. त्या पत्र्याखाली माणूस वाकेल, लाकडाचं काय.

कॉलेजच्या बँडमधला एकजण पुण्याला जाताना देऊन गेला होता तो बेस. तेव्हाही जुनाच. पुरे झालं. नवीन घ्यायचा.

३ ऑक्टो.

नानांनी बोलावून सांगितलं. तुळशीची लग्नं झाली की सीझन सुरू, चार नोव्हेंबरला चाळीसगावची हळद. तोवर भरवशाचा बेस हातात हवा. "नही ते राकेशना डावा हात शेच." राकेश शेजारीच उभा होता, डाव्या हाताची बोटं मोडत. हसला. यापुढे त्याला फक्त रा. लिहिणार, पूर्ण नावाची लायकी नाही.

मला काय हवंय ते पक्कं आहे. चार तारा. बॅटरीशिवाय वाजणारा. आमच्याकडे लोक वायर कधी काढत नाहीत, एका कार्यक्रमातून दुसऱ्यात जोडलेलीच गाडीत टाकतात, मांडायला सोपं म्हणून. बॅटरीचा बेस वायर जोडलेली असेपर्यंत बॅटरी खात राहतो. ऐन हळदीत संपणारच. नेक माझ्या बोटांना पुरणारा हवा, वजन असं की खांद्याला पट्टा काचणार नाही. दिसायला कसाही चालेल. लग्न नाही लावायचं त्याच्याशी.

५ ऑक्टोबर, रविवार

जळगावला गेले. दादा म्हणाला मी येतो, गाडी नेऊ. तिथेच चूक झाली.

दुकानदार दादाला म्हणाला, "या भाऊ, काय दाखवू?" दादा म्हणाला, हिला हवाय. तर म्हणे, "अच्छा, मॅडम शिकतायत का?" कॉलेजपासून वाजवतेय म्हटलं. हो हो म्हणाला आणि पहिला बेस काढून दिला दादाच्या हातात. दादाने तो फावडं धरावं तसा धरला. सा कुठे, प कुठे ठाऊक नसलेला माणूस, आणि दुकानदार त्याला सांगतोय लाकूड कुठलं, पिकअप कसले. मी मध्ये उभी, माझ्या डोक्यावरून बोलणं चाललंय.

शेवटी ओढूनच घेतला. भिंतीवरचे सगळे वाजवले. सगळ्यांत खाली एक तपकिरी होता, साधा, कुणी हात लावत नसेल असा. तारा जोरात ओढल्या, पुन्हा सूर पाहिला, जागचा हलला नाही. जॅकपाशी वायर वाकवली, हिसकली, खरखर नाही. पट्टा लावून उभी राहिले, नेक खाली झुकला नाही. अर्धा तास वाजवला. दुकानदार मोबाइल बघत होता, दादा समोरच्या काळ्याकडे. पाच तारांचा, चकचकीत, बॅटरीवाला. म्हणाला, "वैशू, हा स्टेजवर उठून दिसेल."

मी दिसायला जात नाही, वाजवायला जाते. गाडीत बसेपर्यंत हे म्हणायचं सुचलं नाही.

तपकिरी ठेवून द्या म्हटलं. शिकवणीच्या फिया महिन्याअखेर येतात, त्या आल्या की नेते. ठेवतो म्हणाला. दादाला. नंबरही दादाचाच घेतला.

११ ऑक्टोबर

सरावाला जुनाच बेस नेला, जॅकला चिकटपट्टी लावून. रा. म्हणतो, ताई तुम्ही नुसत्या उभ्या राहा, खालचं मी बघतो. सगळे हसले. मी पण हसले. का हसले? घरी आल्यावर भांडी आपटली, वहिनीला वाटलं तिच्यावर चिडले. तिची माफी मागावी लागली, ती वेगळीच.

१५ ऑक्टो.

दुकानात फोन केला, तपकिरी आहे ना विचारायला. म्हणाला, "तुमच्या भावाशी बोलणं झालंय." काय झालंय? "ते सांगतील ना." घेणारी मी, वाजवणारी मी, आणि माझ्याच बेसची बातमी मला नाही. दादाला विचारलं तर शिट्टी वाजवत अंघोळीला गेला.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

पाट मांडला, दादाला ओवाळलं. तो उठला, आत गेला आणि भली मोठी काळी बॅग घेऊन आला. पाच तारांचा. चकचकीत. वहिनीने टाळ्या वाजवल्या, आईने बेसला कुंकू लावलं. दादाचं तोंड एवढंसं नाही, एवढं मोठं झालं होतं आनंदाने.

मी काय म्हणाले? छान आहे म्हणाले. पुन्हा एकदा छान आहे म्हणाले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. आणतोस ते विचारून तरी आण. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं.

स्वयंपाकघरात आईला हळूच म्हटलं, बदलून आणता येईल का. आई पोळी लाटायची थांबली. "कोनी ओवाळणी माघारी देस का?" झालं. बोलणं संपलं.

२४ ऑक्टो.

दिवसभर त्याच्यावर हात बसवतेय. बसत नाही. नेक इतका रुंद की करंगळी पोचतच नाही, अंगठ्याचा सांधा दुखायला लागला. सोडला की नेक जमिनीकडे. डावा हात नेक उचलून धरण्यात जातो, वाजवायचं कशाने? आवाज दणदणीत आहे, खोटं का बोलू. पण मागे बॅटरीचं झाकण आहे आणि ते पाहिलं की मला चाळीसगावचा मांडव दिसतो आणि रा.चा डावा हात.

दुकानात फोन केला. तपकिरी आहे अजून. बदलून देऊ म्हणाला, "पण भाऊंना पाठवा." फोन ठेवला नाही, आपटला.

२६ ऑक्टो., रविवार

दादाशी भांडले. गच्चीवर, आईला ऐकू जाऊ नये म्हणून. तरी गल्लीला ऐकू गेलं असेल.

मी म्हटलं, मी समोर वाजवून निवडलेला असताना तू दुसरा आणलासच कसा. तो म्हणाला नानांना विचारूनच आणला. नाना म्हणाले म्हणे, पोरगी पुढे उभी असते, हातात भारी दिसलं पाहिजे. म्हणजे हे असं आहे. मी पुढे का उभी असते ते आज कळलं. इतकी वर्षं वाटत होतं, बरं वाजवते म्हणून.

मग दादा म्हणाला, "तुझ्या वाजवण्यासाठी मी आजवर कधी काही केलं नाही. एवढं एक केलं, तर ते पण तुला नको." आवाज बसला होता त्याचा. दिवाळीला स्वतःला काही घेतलं नाही त्याने, मला दिसलं होतं. वाईट वाटलं. आणि राग गेला नाही. दोन्ही एकदम असू शकतं हे कुणी सांगितलं नव्हतं. चाळीसगाव वहिनीचं माहेर. तो तिच्या घरच्यांना घेऊन कार्यक्रमाला येणार आहे, ओवाळणीचा बेस दाखवायला. सगळ्यांना सांगून झालंय.

३१ ऑक्टोबर

एकटी गेले. एस.टी.ने, काळा मांडीवर घेऊन. एरंडोलपर्यंत कंडक्टर विचारत होता आत काय आहे, बंदूक का.

दुकानदाराने दाराकडे पाहिलं, मागून कोणी येतंय का. भाऊ नाही आले? नाही म्हटलं, येणार नाहीत. फोन लावून द्या म्हणाला, त्यांनी हो म्हटलं की बदलतो. मी म्हटलं लावणार नाही. तपकिरी खाली काढला, स्वतः वायर जोडली, स्टुलावर बसले आणि वाजवत राहिले. गिऱ्हाईक आलं, गेलं. रागात होते, पण ताल सुटला नाही. मग काळा घेतला, तेच वाजवून दाखवलं, करंगळी कुठे अडते ते दाखवलं. त्याने मोबाइल खाली ठेवला. म्हणाला, "ताई, तुम्हाला हाच का हवा, नीट सांगा बरं." पहिल्यांदा मला विचारलं. सांगितलं सगळं, हळदीपासून.

काळा तिथे ठेवून तपकिरी घरी आणला. जुन्या बॅगेत घालून पलंगाखाली. कोणाला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. बोलले असते तर रडले असते, आणि रडणारीचं कोणी ऐकत नाही.

४ नोव्हेंबर

चाळीसगाव. संध्याकाळची हळद. दादा पहिल्या ओळीत, शेजारी वहिनीचे आबा. मी बॅग उघडली. दादाने पाहिलं. आबांना काहीतरी सांगायला वळलेला तो तसाच राहिला. नाना धावत आले, "काळा कोठे शे?" जळगावला, म्हटलं. आणि रा.ला म्हटलं, डावा हात वर घे, खालचं माझं आहे.

उधळली हळद. केसांत, डोळ्यांत, तारांवर. एकदाही खरखर नाही. दोन तास वाजला, सूर हलला नाही. रा.चा डावा हात मधूनच खाली यायचा, मी पाहिलं की उचलायचा. मला इतका राग होता की तो सगळा बोटांत उतरला. दादा मधेच उठून बाहेर गेला. खुर्ची रिकामी, आबा इकडेतिकडे बघतायत. मी थांबले नाही.

येताना गाडीत वहिनी झोपली. मी दादाशेजारी. म्हणाला, "आबांसमोर तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस." मग पुढे बघतच म्हणाला, "मी बाहेर गेटपाशी होतो. तिथे गाणं नीट ऐकू येत नव्हतं. पण खालून एक येत होतं, छातीत लागत होतं. ते तुझं होतं का?"

हो म्हटलं.

एवढी वर्षं एका घरात वाजवतेय आणि हे आज विचारतोय. राग आला. मग रडू आलं, त्याचाही राग आला. खिडकीकडे तोंड केलं.

६ नोव्हेंबर

आईला कळलं. ताट समोर ठेवते, बोलत नाही. दादा सकाळी लवकर जातो. शनिवारी पिंपळनेरला हळद आहे, नानांचा फोन अजून नाही. रा.ला फोन गेलाय, त्यानेच सांगितलं.

बॅगेतून काढला. सूर तसाच होता. दार उघडं ठेवून वाजवत बसले.