पोकर फेस आणि बेतायचे टेबल

दि. ३ मार्च, सकाळी.
चिरंजीव दुकानात फोनवर बोलत होते. 'ऑल इन', 'जॅकपॉट', 'कार्ड्स'! ज्या शिंपीकामाच्या दुकानात मी हयातभर पत्त्याचे पान फिरकू दिले नाही, तेथे ही जुगाऱ्यांची भाषा! सूनबाईंना जाब विचारला. म्हणाल्या, की बाबा, कोणी जुगार खेळत नाही, हल्ली सगळे असेच बोलतात. 'ऑल इन' म्हणजे सर्वस्व पणाला लावणे. मी सुनावले, की ते आमच्याकडे पांडवांपासून आहे, उसने कशाला आणता?

सायंकाळी.
बेत उघड झाला. दुकान मोबाईलवाल्यास भाड्याने देणार! माझे कापड बेतायचे टेबलही हटणार. संताप अनावर. परंतु विनवणी करणे हा माझा पिंड नव्हे.

दि. ४.
शत्रूचे शस्त्र शत्रूवरच. सूनबाईंकडून दोन शब्द घेतले. 'ब्लफ': हाती हुकूम नसता तो असल्याचा आव आणणे. 'पोकर फेस': मनातले चेहऱ्यावर न उमटू देणे. समोरच्याने ब्लफ खरा धरला तर काय, हेही त्या सांगू लागल्या. थांबवले. चौथीत पहिल्या आलेल्या माणसास इशारा पुरे.
निश्चय: उद्या म्हणेन, खुशाल द्या दुकान. चिरंजीव वरमतील. पाय धरतील.

दि. ५, सकाळी.
आरशासमोर सराव. सौ.ने विचारले, की पोट बिघडले आहे का. दुर्लक्ष केले.

दुपारी.
ब्लफ टाकला. चेहरा दगडासारखा. चिरंजीव म्हणाले, की बाबा, केवढे मोठे मन तुमचे, मी उगीच घाबरत होतो. आणि तेथल्या तेथे मोबाईलवाल्यास फोन लावला. गाढव!

दि. ७.
टेबल हलवण्यास माणसे आली. सूनबाई म्हणाल्या, की गॅलरीत ठेवू या का, तुमचा जीव आहे त्यात. दुसरी संधी! मी निर्विकारपणे म्हणालो, की लाकडाचा कसला मोह? आता तरी ओळखतील, अशी खात्री होती.
टेबल कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला घेऊन गेला. हसत.

दि. ९.
माझा चेहरा कोणासही वाचता येत नाही, हे सिद्ध झाले. या घरात अक्कल नाही, हेही. दुपारी सौ.ने विचारले, की चहा टाकू का. रागाने, परंतु निश्चल चेहऱ्याने, नको म्हटले.

सायंकाळी.
आत कपबश्या वाजल्या. हाक आली नाही.