वाघ बघावा कसा

२ मे
सोसायटीच्या बोर्डावर नोटीस लावली. 'वाघ बघावा कसा. वक्ते: यज्ञेश्वर गोडसे. रविवार १७ मे, सायं. ६. उशिरा येणाऱ्यांसाठी वाघ थांबत नाही, वक्ताही थांबणार नाही.' सेक्रेटरी म्हणाले, आधी वाघ तरी बघून या. लग्नपत्रिका लग्नाआधीच छापतात, असे सुनावले.

५ मे
आजवर सहा सफारी, वाघ शून्य. सहाही वेळा कोणीतरी तोंड उघडले. दोनदा हेमाच. यंदा नियम: जंगलात चकार शब्द नाही. बोट दाखवायचे नाही. मला हात लावायचा नाही. जे दिसेल ते मी सांगेन. हेमाने विचारले, आणि तुम्हाला नाही दिसलं तर? बायकोचे प्रश्न हे असे. तिची आणि चिरंजीव वरदची सही घेतली, खाली माझी. कागद तिने पर्समध्ये ठेवला. एकतीस वर्षांत प्रथमच माझे काही जपून ठेवले.

८ मे
पहाटे शनिवार पेठेतून प्रस्थान. सराव म्हणून घरापासूनच मौन (त्यांचे). मी वाघाच्या सवयींवर बोलत होतो. लोणी काळभोर आल्यावर कळले, हा नगर रोड नव्हे. दोघांनाही स्वारगेटपासून माहीत होते म्हणे, पण गप्प राहिले. दीड तास गेला. पण शिस्त! भरून आले.

१० मे, सकाळी ६
ताडोबा. गाइड आम्रपाली, वय पंचवीस असेल. तिला वाघाबद्दल तीन गोष्टी सांगितल्या. 'हो जी' म्हणाली. नियम तिलाही लागू का, असे हेमाने विचारले. अर्थात, म्हणालो.

७.२०
जिप्सी थांबली आहे. सगळ्यांवर लक्ष राहावे म्हणून मी पुढच्या सीटवर उलटा, त्यांच्याकडे तोंड करून बसलो आहे. वाट पाहण्याची वेळ वाया घालवू नये, म्हणून हे लिहितो आहे. अपूर्व शांतता. तिघेही माझ्या खांद्यावरून समोर टक लावून आहेत. हेमाचे डोळे पाण्याने भरले आहेत. नुसत्या झाडांनी माणूस इतका हेलावतो! वरदने कॅमेरा उचलला, माझाच फोटो काढत असावा. लिहिता लिहिताच पोज दिली. हे सगळे माझ्या नियमाचे फळ.

९.४५
वाघ नाही. पुढच्या वेळी जिप्सीवालाही निवडून घेणार. गेटवर हेमाने आम्रपालीला मिठी मारली. कशाबद्दल, कळले नाही.

दुपारी १
वरदने फोटो दाखवला. पुढे मी, मान खाली, वहीत. माझ्या मागे वाघीण. रस्त्यात बसलेली. चार मिनिटे होती म्हणे.
का सांगितले नाही, असे विचारले. हेमाने पर्समधून कागद काढून पुढे ठेवला. निदान बोट दाखवायचे, म्हणालो. तिने दुसऱ्या नियमाखाली नखाने रेघ ओढली.
मग शांतपणे म्हणाली, "मला एकदा असं काहीतरी बघायचं होतं, जे तुम्ही समजावून सांगणार नाही."
जेवलो नाही. पोट बिघडले असावे.

१४ मे
विचारांती: व्याख्यान होणारच. वाघिणीच्या इतक्या जवळ बसून एवढा निर्भय राहिलेला माणूस पुण्यात दुसरा नसेल. फोटो हा पुरावा. त्यात निम्मी जागा माझीच आहे.

१६ मे
नोटिशीत कोणीतरी दुरुस्ती केली आहे. 'वक्त्या: हेमा गोडसे.' अक्षर ओळखीचे. किराण्याच्या यादीतले.

१७ मे, सायं. ७.३०
हॉल भरला होता. माझ्या व्याख्यानाला इतकी माणसे आली नसती, हे इथे लिहायला हरकत नाही. मला लॅपटॉपशी बसवले, स्लाइड बदलायला. हेमा पाऊण तास बोलली. एवढे बोलता येते, हे मला माहीत नव्हते. मागच्या रांगेतून कुणीतरी विचारले, तेव्हा यज्ञेश्वरराव कुठे होते? हेमा माझ्याकडे बघून म्हणाली, "मागची स्लाइड लावा." लावली. तोच फोटो. हॉल बराच वेळ हसत होता. वरदही.
निदान आभार मानावेत म्हणून उठलो. हेमाने ओठांवर बोट ठेवले.
बसलो.