लोखंडी सवत

पिसेक, १९ मार्च १९३९

प्रिय विलेम,

तुझी खुशाली कळत नाही, म्हणून आमची कळवते. तुझ्या आई खोकतात, पण मला टोमणे मारायला त्यांचा दम पुरतो. सशीण व्याली. पुलावर जर्मन शिपाई उभे आहेत. बाकी ठीक.

काल तुझ्या तुकडीतला हिनेक सैन्यातून सुटून आपल्या घरी आला. सूप वाढलं, तर त्याने तुमच्या तोफेचंच पुराण लावलं. विमान पाडणारी अशी तोफ दुसरी नाही म्हणे! "वहिनी, विलेम रोज सकाळी तिला तेलाने पुसतो नि विचारतो, 'उठलीस का, लुदमिला?'"

मला वाटायचं, तोफांना नुसते नंबर असतात.

हिनेक सांगत होता, सप्टेंबरात कॅलेंडरात लुदमिलाच्या नावाचा दिवस आला, तेव्हा तुम्ही तो वाढदिवसासारखा साजरा केलात, तिच्या नळीला फुलांचा हार घातलात आणि कोलाचे, खसखस भरलेले ते गोड पाव, वाटलेत. ते कोलाचे मी तुझ्यासाठी भाजून पाठवले होते, विलेम! माझ्या नावाचा दिवस मे महिन्यात येतो. तुझं साधं कार्डसुद्धा आलं नव्हतं.

"नाव कुणी ठेवलं?" मी विचारलं. हिनेकने आणखी सूप मागितलं.

लग्नाआधी तू जिच्यामागे फिरायचास, ती बेकरीवाल्याची लुदमिला अजूनही पाव देताना तुझी चौकशी करते. उद्यापासून मी पाव स्टेशनजवळून आणणार. जळते मी, हो. तिच्यावरही आणि तोफेवरही. खुशाल हस.

मनात म्हटलं, मोडून पडो ती लोखंडी सटवी. तेवढ्यात निघता निघता हिनेक दारात थांबला. "बुधवारी तोफा जर्मनांच्या ताब्यात द्यायच्या आहेत, वहिनी. विलेम म्हणतो, तिला हात लावून तर बघा. पिस्तूल घेऊन तिच्याशेजारी बसलाय. आमचं ऐकत नाही. तुम्ही लिहा."

माझ्यासाठी तू कधी आईशी दोन शब्द भांडला नाहीस, आणि तिच्यासाठी गोळी खाणार? मरताना तोंडात तिचं नाव, आणि काळे कपडे मी घालायचे?

जर्मन आत आले, तरी वरच्यांनी तिला एकदाही डागू दिलं नाही, हे मलाही टोचतं रे. मोडून पडो म्हटलं, पण ती जर्मनांच्या हाती जावी असं मला वाटलं नव्हतं. देताना पुसू नकोस. धुळीसकट दे आणि ये.

कोलाचे भाजून ठेवते. लुदमिलाचं नाव घेऊन रडायचं असेल, तर माझ्या स्वयंपाकघरात बसून रड. मी ऐकून घेईन.

तुझी हाडामांसाची,
ब्लाझेना