सीताफळाच्या सावलीपुरती जमीन

मी, श्रीमती सुशिलाबाई तुलसीराम रहांगडाले, राहणार कामठा, तालुका व जिल्हा गोंदिया, वय सत्तरीच्या पुढे (नेमके साल माझ्या आईला ठाऊक होते, ती सांगायला राहिली नाही), कोणाच्या धाकाने किंवा लाडीगोडीने नव्हे, तर आपल्या राजीखुशीने हे मृत्युपत्र करून ठेवते. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यावरचा डाग सीताफळाच्या बासुंदीचा आहे. डॉक्टरसाहेब दुसरी वाटी खाता खाता लिहीत होते. माझे अक्षर मलाच लागत नाही, म्हणून लेखन निवृत्त शिक्षक केवळराम गुरुजी करीत आहेत. त्यांना कमी ऐकू येते, त्यामुळे मला ओरडून सांगावे लागते आणि तेही ओरडून विचारतात.

कलम १. शेत आणि घर माझा मुलगा धनेंद्र, राहणार फुलचूर, यास. याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

कलम २. परसातले सीताफळाचे झाड. याविषयी बरेच आहे.

हे झाड माझ्या सासूने लावले. या घरात लक्ष्मीपूजनाचा नैवेद्य म्हणजे याच झाडाच्या फळांची बासुंदी, दुसरा कोणताही गोड पदार्थ चालत नाही. धनेंद्रला त्या जागी मोटारीसाठी शेड बांधायची आहे. मोटार त्याने अजून घेतलेली नाही. मी डोळे मिटले की कुऱ्हाड चालणार, हे मला दिसते आहे, आणि त्या विचाराने माझी झोप उडाली आहे.

म्हणून हे झाड माझी धाकटी जाऊ सौ. दुर्गेश्वरी कैलाश रहांगडाले हिला द्यावे. ती भिंतीपलीकडे राहते. झाडाचा बुंधा माझ्याकडे, अर्ध्या फांद्या तिच्याकडे. तिच्या अंगणात पडलेले प्रत्येक फळ ती भिंतीवर आणून ठेवते, कधी एक चाखले नाही, असा तिचा ताठा. गुरुजी म्हणतात, नुसते झाड देता येत नाही, जमीन लागते. तर दिवाळीच्या भर दुपारी झाडाची सावली पडते तेवढी जमीन तिला द्यावी. त्या दिवशी ढग असल्यास दुसऱ्या दिवशी मोजावी. धनेंद्रने झाडाला हात लावल्यास कलम १ मधले शेत मुलगी रिंकी हिला जाईल.

कलम ३. दुर्गेश्वरीशी माझा अबोला का आहे, हे पुढे कोणी उलटसुलट सांगू नये म्हणून लिहून ठेवते.

सन २००१ च्या दिवाळीत रिंकीला बघायला बोदलकशाकडचे पाहुणे येणार होते. शेताच्या वाटण्या झाल्या होत्या, पण धान साठवायची ढोली, म्हणजे बांबूची मोठी कणगी, दोन्ही घरांची एकच होती. डोळे उघडलेली सीताफळे मी नेहमीप्रमाणे धानात पुरून ठेवली. धानाच्या उबेत ती जशी पिकतात तशी फडताळात पिकत नाहीत. माझे दीर कैलाश यांनी सणासाठी तांदूळ हवा म्हणून ढोली पोत्यांत उपसली आणि सगळे गिरणीवर नेले. गिरणी थोडा वेळ चालली, मग खोकली, मग बंद पडली. गिरणीवाल्याने हात जोडून पोती परत पाठवली. तांदूळ चिकट, गोड, आणि त्यात काळ्या बियांचा चुरा.

पाहुणे ओट्यावर बसलेले. बासुंदीला एक फळ उरले नव्हते. मी तोच तांदूळ निवडून, धुऊन, दुधात साखर घालून शिजवला आणि वाढला. मुलाचे वडील सेवकराम यांनी तीनदा मागून घेतला आणि विचारले, “काऊन जी, हे कसं केलं?” मी काही बोलणार तोच दुर्गेश्वरी दाराआडून म्हणाली, “काई नाही मामाजी, सीताफळ धानासंगं गिरणीत घालून आणलं हाय.”

त्यांना वाटले, ही आमच्या घराण्याची रीत. सोयरीक जागच्या जागी जमली. तेव्हापासून रिंकीच्या सासरी दर दिवाळीला हाच भात लागतो. ती धान आणि सीताफळे घेऊन निघाली की तिकडचे गिरणीवाले कुलूप लावून गावाला जातात.

दुर्गेश्वरीचे म्हणणे, धानात फळ ठेवले ते सांगायला नको? माझे म्हणणे, ढोलीत हात घालून बघायला नको? माझेच बरोबर आहे. त्यानंतर भिंत बांधली. बोलणे मात्र थांबले नाही. ती तिच्या म्हशीला सांगते, मी झाडाला सांगते, आणि दोघींना सगळे कळते. बासुंदीचे दूध तिच्याच म्हशीचे असते. मी रिकामा गंज भिंतीवर ठेवते, तो भरून येतो. दुसरे दूध मी वापरून पाहिले आहे, ते आटतच नाही.

कलम ४. पितळी कढई रिंकीला. वरच्या फांद्यांची फळे माकडांना. नाहीतरी ती घेतातच, निदान कायद्याने घ्यावीत. व्याही सेवकराम यांना काहीही नाही. त्यांनी पुष्कळ खाल्ले आहे.

कलम ५. वरील सर्व गुरुजींनी मला वाचून दाखवले. गुरुजींचे वाचणे म्हणजे अर्ध्या गावाला दवंडी. कलम २ झाले आणि भिंतीपलीकडून आवाज आला, “आयकून राहिली का वं म्हशी? मेल्यावर झाड देऊन राहिली हे बाई! जित्तेपणी द्याले हात तुटते का हिचे?”

मी झाडाला म्हटले, “तिले सांग, मागाले तोंड नाही का?”

तर ती म्हशीच्या गव्हाणीवर पाय देऊन भिंतीवरून इकडे उतरली. साठीची बाई. फाटकाने आली असती तर रस्त्यात राग विरला असता, असे तिनेच सांगितले. माझ्यासमोर उभी राहून, थेट माझ्याकडे बघत म्हणाली, “जाऊबाई, तुमी गेल्यावर मी त्या झाडाशी बोलू का?”

मला रडू आले. गुरुजींना म्हटले हे लिहू नका, ते त्यांना ऐकू आले नाही.

सबब कलम २ मधली देणगी रद्द. झाड, सावलीपुरत्या जमिनीसकट, मी आजच, हयातीत, दुर्गेश्वरीच्या हाती दिले. गुरुजींच्या मते ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्ष देऊ नये. आता तिला काहीच मिळत नसल्याने तिची साक्ष चालते.

ठिकाण : कामठा
दिनांक : २१ ऑक्टोबर २०१२

लिहून देणार : सुशिलाबाई तुलसीराम रहांगडाले (सही)

साक्षीदार १ : केवळराम गुरुजी. जेवढे ऐकू आले तेवढे लिहिले. (सही)

साक्षीदार २ : सौ. दुर्गेश्वरी कैलाश रहांगडाले. सही माह्यासमोर झाली. बाकी जाऊबाईले एवढ्यात मराची परवानगी नाही. (सही)