स्टिक कोरडी ठेवणे

२९ जुलै १९७३, रविवार. सातारा.
आज अण्णा आजोबांनी ट्रंकेतून त्यांची पलटणीतली हॉकी स्टिक काढली. म्हणाले, विभागाच्या संघात जी पोर खेळेल तिची ही काठी. निवड १९ ऑगस्टला, सांगलीत. म्हणजे माझीच. शाळेत जाण्याआधी अक्षरं मी अण्णांकडेच शिकले. एक काना चुकला की अख्खी पाटी पुसायची. काम नीट करणं म्हणजे काय, हे मला कोणी सांगायला नको.
संकल्प: रोज सकाळी दोन तास सराव. उद्यापासून.

३० जुलै.
पाऊस. सराव नाही. शिवाय स्टिकच्या वाकाला केसाएवढी चीर दिसली. गेल्या वर्षीच्या दुष्काळात लाकूड सुकून पडली असणार. आता चिखलात नेली तर पाणी पिऊन फुगेल. आधी काळजी, मग खेळ. माझ्याबरोबर खेळणाऱ्या क्षमाचा निरोप: ग्राउंडवर ये. तिची स्वतःची स्टिक न्हाणीघरात बादलीशेजारी उभी असते. अशा मुलीशी काय बोलणार.

१ ऑगस्ट.
अण्णा म्हणाले, जवसाचं तेल लाव. एवढंच. किती, कसं, काही नाही. रंगाच्या दुकानात गेले. दुकानदारानं विचारलं, साधं देऊ का डबल बॉइल? उत्तर पाठ नसलं की मला घाम येतो. 'घरी आहे' म्हणून परतले. घरचं जवसाचं तेल दोनदा उकळलं. घड्याळ लावून. आई खोकत आली आणि म्हणाली, "आगं, काठीला तेल लावतीस का काठीची भजी तळतीस?"
दुर्लक्ष केलं. तेल लावलं.

३ ऑगस्ट.
तेल वाळत नाही. हवाच ओली. काठी चिकट झाली आहे, मांजर घासून गेलं. केस एकेक करून वेचले. त्यात सकाळ गेली. सराव नाही.
पाऊस जरा थांबावा असं म्हणाले. आईनं ऐकलं. "गेल्या साली थेंबासाठी हात जोडत हुतीस. आन् आता काठी भिजती म्हनून पाऊस नगं?" फार लागलं. सगळ्यांच्या पेरण्या झाल्यात. देवघरात जाऊन मागणी परत घेतली. फक्त सांगलीपुरती, एका रविवारची, ठेवली.

७ ऑगस्ट.
उपाय सापडला! आई बियाण्याची कणसं ओल धरू नये म्हणून चुलीच्या वर टांगते. एक आकडा मोकळा होता. तिथे स्टिक टांगली.
दुपारी अण्णा चहाला आले. वर बघत राहिले. "पोरी, ह्येची पेरनी कवा?"
उतरवली. म्हणाले, आचेनं मुठीतला सरस सुटतो. तेल कच्चंच लावायचं, पुसून काढायचं, काठी सावलीत ठेवायची. हे त्यांनी आधीच सांगायला हवं होतं. पण वडील माणसाला कसं म्हणणार?

११ ऑगस्ट.
पाऊस. क्षमा स्वतः घरी आली. "पमे, तू खेळणार आहेस की काठीचं बाळंतपण करणार आहेस?"
घरी सराव चालू आहे, म्हटलं. खोटं नाही. पडवीत केरसुणीनं बटाटा ढकलते. मनगटाला तोच व्यायाम. बटाट्याचा वेग तर चांगलाच येतो.

१८ ऑगस्ट.
अण्णांबरोबर एस.टी.नं सांगलीला. स्टिक आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर घेतली. कराडला एक बाई शेजारी बसल्या. हळूच विचारलं, "किती म्हैन्याचं हाय?" अण्णा खिडकीबाहेर बघू लागले.
मी घाबरलेली नाही.

१९ ऑगस्ट, सकाळी सात.
पाऊस नाही! मागणी मान्य झाली. मैदान मात्र कालच्या पावसानं काळ्या मातीची रबडी. स्टिकला लुगड्याचा आणखी एक वेढा दिला.

१९ ऑगस्ट, संध्याकाळ.
चेंडू माझ्याकडे तीनदा आला. पहिल्यांदा डबक्यात. स्टिक पोचली असती, पण वाक पूर्ण बुडाला असता. वर उचलली. दुसऱ्यांदा पाय लावला. फाउल. तिसऱ्यांदा तो चेंडू कोरड्या जागी येईल म्हणून मी थांबले. निवड करणाऱ्या बाईंनी विचारलं, "तुम्ही खेळायला आलात की काठी मिरवायला?" मला बाहेर बसवलं.
थोड्या वेळानं क्षमाची स्टिक मोडली. न्हाणीघर! मी म्हणणारच होते. तेवढ्यात अण्णांनी माझ्यापुढे हात केला. मी स्टिक पुसून दिली.
क्षमानं ती चिखलात घातली. डबक्यात घातली. दोन गोल केले. मी चेंडूकडे पाहिलंच नाही, चिरेकडे पाहत होते. चीर तेवढीच राहिली.
यादीत क्षमा आहे. मी राखीवमध्येही नाही.
क्षमा स्टिक परत द्यायला आली. "अण्णा, ही पमीची आहे."
अण्णा म्हणाले, "न्हाई. खेळंल तिची." मग माझ्याकडे वळून, "शब्द दिला हुता, पोरी."
बरोबरच आहे. शब्द तो शब्द. मी मान हलवली.

२० ऑगस्ट.
क्षमा शिबिरासाठी सांगलीतच थांबली. तिला स्टिकच्या काळजीच्या सूचना लिहून दिल्या, अडीच पानं. कच्चं तेल, सावली, न्हाणीघर नाही. एक काना चुकला म्हणून सगळ्या पुन्हा लिहिल्या. तिनं घडी करून ओल्या बुटात ठेवल्या.
येताना मांडीवर नुसतं लुगडं. कराडपासून पाऊस लागला, खिडकीतून आत येत होता. लुगडं कोरडं ठेवलं.