शनिवारचं भजन

भोकरदन,
मंगळवार

प्रिय शीतल,

फोनच केला असता, पण फोनवर तू "आई, शांत हो ना" म्हणतेस आणि मी होते. आज मला शांत व्हायचं नाही. शेजारची रूपाली उद्या पुण्याला निघाली आहे, तिच्या हाती हे पत्र देते. शिलाई मशीनवर कागद ठेवून लिहिते आहे. अक्षर वाकडं दिसलं तर ते रागानं आलं असं समज.

आईला या वयात हे खूळ कुठून लागलं, असं तुला वाटत असेल. दिवाळीआधी राजानंद सर दुकानात आले. दुर्बिणीची खोळ उंदरांनी कुरतडली होती, नवी शिवून पाहिजे म्हणाले. मी मिक्सरच्या, सिलिंडरच्या खोळी शिवल्या, पण दुर्बिणीचं माप कसं घेतात मला काय ठाऊक? म्हणून जाफराबाद रस्त्याच्या माळावर, त्यांच्या आकाशमंडळात गेले. माप राहिलं बाजूला. सरांनी शनी दाखवला. ज्याला भिऊन इतकी वर्षं तेल वाहिलं, तो एवढासा मणी, आणि मण्यातून सुई आरपार ओवावी तशी त्याची कडी. यंदा ती आडवी आली आहे म्हणून अशी दिसते, सर म्हणाले. मागे रांग खोळंबली होती, तरी मी जागची हलले नाही.

तिथंच नाव नोंदवलं. मंडळात बायका आम्ही दोघीच, मी आणि अंगणवाडीच्या चतुराबाई. तुझे पप्पा दर शनिवारी मला गाडीवर सोडतात. "काय ठेवलंय त्या चांदण्यात, थंडीनं मरून राह्यलो मी," असं कुरकुरतात आणि मफलर गुंडाळून तिथंच बसतात. गेल्या शनिवारी त्यांनी स्वतः कृत्तिका ओळखल्या. शीतलला सांगू नको म्हणाले. मी मात्र तुला एकूण एक गोष्ट सांगत आले. तू "अरे वा" म्हणायचीस. मला वाटायचं, लेकीला कौतुक आहे.

काल नंदाबाईंचा फोन आला. तुझ्या होणाऱ्या सासूबाई, जुन्या जालन्यातलं कापडाचं मोठं दुकान, त्यामुळे मी जपूनच बोलत होते. त्या म्हणाल्या, "तुम्ही दर शनिवारी भजनाला जाता म्हणं. शीतलनं सांगितलं. बिलकुल आमच्यासारख्याच निघाल्या. रविवारी येऊन राह्यलोत आम्ही, मंग एक अभंग ऐकवा बरं का." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भजन! मला आरतीचासुद्धा सूर लागत नाही. गणपतीत मला कोपरानं ढोसून गप्प करणारी तूच ना? आणि मी काय म्हणाले असेन? "हो, ऐकवते." तुझी मान खाली जाऊ नये म्हणून. त्या एका "हो"नं माझा जीव अजून जळतो आहे.

भजनात वाईट काहीच नाही, शीतल. पण मी काय जुगार खेळायला जात होते, की तुला ते झाकावं लागलं? तू पुण्यात रात्रपाळी करतेस, यावर भावकीत केवढी कुजबुज झाली! मी सगळ्यांसमोर उभी राहून सांगितलं, माझी लेक रात्री कंपनीत काम करते आणि बराबर करते. देवदर्शनाला गेली आहे असं नाही सांगितलं. तुझी मला कधी लाज वाटली नाही. तुला माझी वाटली.

जावई म्हणून अंगद मला आवडला आहे. ही सोयरीक मोडेल याची धास्ती तुझ्याइतकीच मलाही आहे, म्हणून फोनवर मी हो म्हणून बसले. पण आज हे खपवून घेतलं, तर उद्या तुझ्या सासरी मला जन्मभर कुणा दुसऱ्याच बाईचं सोंग घेऊन यावं लागेल. मला ते जमायचं नाही. म्हणून हे पत्र. नंदाबाईंना मी फोन करणार नाही, पप्पांनाही करू देणार नाही. रविवारच्या आत तू खरं सांग. शनिवारी मी माळावर जाणारच आहे. रविवारी तूही घरी असशील; पाहुणे आले की पोहे करीन, चहा देईन, नीट हसून बोलेन. पण त्यांनी अभंग म्हणायला सांगितलं, की मी गप्प बसून तुझ्याकडे बघेन. तोंड तुला उघडायचं आहे.

रागावलेली, तरी तुझीच,
आई